पाळण्यातील पाय आणि पडद्यावरील मूल : मराठी नाट्य-चित्रपटांतील विशेष गरजा असलेल्या बालकाच्या चित्रणाची चिकित्सा

प्रस्तावना

'मुलाचे पाय पाळण्यात दिसतात' ही म्हण मराठी घरांत बहुधा मुलाच्या कौतुकासाठी वापरली जाते. पुढे मोठा होणाऱ्याची लक्षणे लहानपणीच दिसतात, एवढाच तिचा रूढ अर्थ. मात्र बालविकासशास्त्राच्या दृष्टीने ही म्हण अधिक गंभीर आहे. आवाजाच्या दिशेने मान न वळवणारे, वयानुसार मान न धरणारे किंवा न बसणारे, हाक मारणाऱ्याकडे न पाहणारे, दीड वर्ष उलटूनही एकही शब्द न उच्चारणारे मूल पाळण्यातच काही सांगत असते. ते ऐकणारे कोणी आहे काय, हा खरा प्रश्न आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार मेंदूचा पंच्याऐंशी टक्क्यांहून अधिक विकास वयाच्या सहाव्या वर्षापूर्वी होतो. विशेष गरजा असलेल्या बालकाच्या बाबतीत या सहा वर्षांचे मोल कितीतरी अधिक ठरते.

समाजाच्या मनात अशा बालकाची जी प्रतिमा असते, ती घडवण्यात नाटक व चित्रपट या माध्यमांचा मोठा वाटा आहे. वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट तालुक्यात असलेल्या अल्लीपूरसारख्या गावात बालविकासावरील ग्रंथ पोहोचण्यापूर्वी दूरचित्रवाणीवरून चित्रपट पोहोचला, हे नाकारता येत नाही. म्हणूनच या प्रतिमेची चिकित्सा केवळ कलाविषयक राहत नाही. मुलाकडे पाहणाऱ्या आईला, शेजाऱ्याला, अंगणवाडी सेविकेला आणि प्राथमिक शिक्षकाला काय दिसेल व काय दिसणार नाही, हे ती प्रतिमा काही प्रमाणात ठरवत असते.

उद्दिष्टे व मर्यादा

प्रस्तुत लेखात जयवंत दळवी यांचे 'नातीगोती' हे नाटक, तसेच 'चौकट राजा' (१९९१), 'श्वास' (२००४), 'यलो' (२०१४) आणि 'कच्चा लिंबू' (२०१७) हे चार मराठी चित्रपट विचारात घेतले आहेत. तुलनेसाठी 'तारे जमीन पर' (२००७) या हिंदी चित्रपटाचा उल्लेख केला आहे. या कलाकृतींतील मुलाचे वय, त्याचे स्थळ, कथेचा केंद्रबिंदू आणि त्याला आधार देणारी व्यक्ती या चार अंगांनी विवेचन करणे, तसेच त्यातून दिसणाऱ्या उणिवेचा कायदा व ग्रामीण वास्तव यांच्याशी असलेला संबंध तपासणे, ही लेखाची उद्दिष्टे आहेत. या कलाकृतींच्या तांत्रिक वा अभिनयविषयक गुणांची चर्चा येथे अभिप्रेत नाही. त्या गुणांना प्रेक्षकांची व राष्ट्रीय पुरस्कारांची मान्यता आधीच लाभलेली आहे.

संज्ञांचा प्रवास

विवेचनापूर्वी शब्दांकडे पाहणे आवश्यक आहे. मराठी लोकभाषेत आंधळा, पांगळा, मुका, बहिरा, खुळा हे शब्द नाम म्हणून वापरले गेले, आणि वऱ्हाडी बोलीत 'आंधया', 'पांगया' अशी त्यांची रूपे झाली. या शब्दांत मूल नसते, फक्त उणीव असते. पुष्कळदा तेच मुलाचे हाक मारण्याचे नाव होऊन बसते. 'आंधळ्याच्या गायी देव राखतो' यासारखी म्हण सहानुभूतीची वाटली, तरी ती राखणीची जबाबदारी गावावरून काढून देवावर सोपवते. पुढे 'अपंग', 'मतिमंद', 'गतिमंद' हे शासकीय व वैद्यकीय शब्द रूढ झाले. २०१५ च्या अखेरीस 'दिव्यांग' हा शब्द पुढे आला व शासनव्यवहारात स्थिरावला.

ब्रिटनमध्ये १९७८ साली वॉर्नॉक समितीने 'विशेष शैक्षणिक गरजा' ही संकल्पना ठळकपणे मांडली. १९९४ च्या सलामांका जाहीरनाम्याने तिला समावेशक शाळेच्या विचाराशी जोडले. या संकल्पनेचे वैशिष्ट्य असे की, ती 'मुलात काय कमी आहे' या प्रश्नाऐवजी 'मुलाला काय हवे आहे' हा प्रश्न विचारते. उणीव मुलाची असते, गरज मात्र भोवतालच्या माणसांना बांधून घेते. मराठी कलाकृतींनी यांपैकी कोणता प्रश्न विचारला, हे पुढील विवेचनात पाहावयाचे आहे.

आईवडिलांची व्यथा : 'नातीगोती' आणि 'कच्चा लिंबू'

जयवंत दळवी यांनी 'ऋणानुबंध' या कादंबरीतून आणि 'नातीगोती' या नाटकातून काटदरे दांपत्य व त्यांचा मतिमंद मुलगा बच्चू यांची कथा मराठी वाचक-प्रेक्षकांसमोर ठेवली. याच कथेवर प्रसाद ओक दिग्दर्शित 'कच्चा लिंबू' हा चित्रपट आधारलेला असून त्यास पासष्टाव्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा मान मिळाला. मुंबईतील लहानशी जागा, नोकरी करणारे आईवडील आणि शरीराने वाढत असलेला किशोरवयीन मुलगा या त्रिकोणात ही कथा घडते. मुलाच्या वाढत्या वयाबरोबर जागणाऱ्या शारीर जाणिवांचा प्रश्न दळवींनी धीटपणे हाताळला. मध्यमवर्गीय मराठी रंगभूमीवर त्याची वाच्यता होणे ही मोठीच गोष्ट होती.

तथापि कथेचा केंद्रबिंदू बच्चू नाही. तो आईवडिलांच्या सहनशक्तीची कसोटी आहे. प्रेक्षक त्याच्याकडे काटदऱ्यांच्या डोळ्यांनी पाहतो, आणि बच्चूच्या डोळ्यांना जग कसे दिसते हा प्रश्न क्वचितच उभा राहतो. दुसरे असे की, कथा सुरू होते तेव्हा बच्चू मोठा झालेला आहे. तो दोन, तीन, चार वर्षांचा असताना कोणी त्याच्या हाताला वळण लावले काय, हावभावांची एखादी भाषा त्याला दिली काय, स्वतः जेवण्याचे, स्वच्छतेचे, देहाच्या मर्यादांचे शिक्षण त्याला मिळाले काय, हे प्रेक्षकाला कळत नाही. किशोरवयात जी शोकांतिका म्हणून समोर येते, तिचा काही भाग बालवयात न मिळालेल्या साहाय्याचा परिणाम असू शकतो, ही शक्यता कथेत उमटत नाही. त्यामुळे ती दैवगती वाटते. मुंबईत जय वकील शाळा १९४४ पासून कार्यरत होती, हे लक्षात घेता असे शिक्षण त्या शहराला अपरिचित नव्हते.

चित्रपटाचे शीर्षक मात्र विचारास प्रवृत्त करते. मुलांच्या खेळात लहानग्याला किंवा नवख्याला 'कच्चा लिंबू' म्हणून घेतात. त्याला खेळू दिले जाते, पण तो बाद होत नाही आणि त्याच्यावर राज्यही येत नाही. समावेशक शिक्षणाच्या आजच्या व्यवहाराचे याहून अचूक वर्णन सापडणे कठीण आहे. पटावर नाव असलेले, वर्गात शेवटच्या बाकावर बसवलेले आणि कोणत्याही अपेक्षेविना वरच्या इयत्तेत ढकललेले मूल म्हणजे शाळेतील कच्चा लिंबूच होय. खेळातील कच्चा लिंबू मात्र काही दिवसांत पक्का होतो, कारण बाकीची मुले त्याला खेळता खेळता शिकवतात. शाळेने त्याला घेण्याची अर्धी रीत उचलली, शिकवण्याची उरलेली अर्धी रीत सोडून दिली.

निरागसतेचे गौरवीकरण : 'चौकट राजा'

स्मिता तळवलकर निर्मित व संजय सूरकर दिग्दर्शित 'चौकट राजा'मधील नंदू हा बालपणी झालेल्या अपघाताने बौद्धिक अपंगत्व आलेला प्रौढ आहे. दिलीप प्रभावळकर यांनी साकारलेला नंदू मराठी प्रेक्षकांच्या स्मरणात कायमचा राहिला. वस्तीतील माणसे त्याला सामावून घेतात, तर सुस्थितीतील घराला त्याचा वावर अडचणीचा वाटतो. सामाजिक स्तर आणि स्वीकार यांचा हा व्यस्त संबंध चित्रपटाने नेमका टिपला आहे. मर्यादित साधनांच्या घरात आणि शेजारात जागा अधिक असते, ही बाब ग्रामीण समाजासही लागू पडते.

परंतु नंदूच्या व्यक्तिरेखेने 'मोठ्या देहातील लहान मूल' ही प्रतिमा पक्की केली. ही प्रतिमा प्रेमळ असली तरी सदोष आहे. बौद्धिक अपंगत्व असलेली व्यक्ती वाढते, तिचे अनुभव साठतात, इच्छा बदलतात. तिला कायमचे मूल मानले की तिला काही शिकवण्याचे कारणच उरत नाही. नंदूच्या अपघातापासून त्याच्या प्रौढपणापर्यंतची वर्षे कथेतून गळाली आहेत. याच वर्षांत शाळा, उपचार, व्यवसायशिक्षण यांपैकी काही घडले वा न घडले असेल. ज्या वयात साहाय्याने सर्वाधिक फरक पडला असता, तेच वय पटकथेने ओलांडून टाकले आहे.

मुलाला सांगण्याचे नैतिक बंधन : 'श्वास'

संदीप सावंत दिग्दर्शित 'श्वास' या चित्रपटास २००३ च्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि तो भारतातर्फे ऑस्करसाठीही पाठवला गेला. कोकणातील परशुराम या लहान मुलाच्या डोळ्यांत कर्करोग आहे. जीव वाचवायचा तर दृष्टी जाणार, आणि पुण्यातील डॉक्टरांचा आग्रह असा की, शस्त्रक्रियेपूर्वी हे मुलाला सांगितलेच पाहिजे. आजोबांना ते सांगणे जड जाते. शस्त्रक्रियेपूर्वी ते नातवाला रुग्णालयाबाहेर नेतात आणि जग डोळे भरून पाहू देतात.

निवडलेल्या कलाकृतींत मुलाला स्वतःच्या स्थितीविषयी जाणण्याचा अधिकार आहे, हे तत्त्व सर्वाधिक स्पष्टपणे 'श्वास' मांडतो. आपल्याकडे मुलासमोर त्याच्याविषयी बोलले जाते, त्याच्याशी मात्र बोलले जात नाही. 'त्याला काय कळतंय' या वाक्याने कित्येक बालकांची पहिली शाळा बंद झाली आहे. परशुरामला कळते, त्याला राग येतो, तो प्रश्न विचारतो. अंगणवाडीत दाखल होणाऱ्या तीन वर्षांच्या बालकाला शस्त्रक्रियेचा अर्थ सांगता येणार नाही हे खरे. पण कानात यंत्र का बसवले, पायाला पट्टा का बांधला, आज आपण कुठे जाणार, हे त्याच्या भाषेत सांगता येते.

'श्वास'मध्ये आणखी एक दुर्मिळ गोष्ट आहे. ती म्हणजे रुग्णालयातील समाजसेविका. डॉक्टर आणि कुटुंब यांच्यामधील अंतर ती चालून जाते. अर्ज, पैसा, भीती, गैरसमज या साऱ्यांत ती आजोबांसोबत उभी राहते. आधार देणारी व्यक्ती व्यवसाय म्हणून ते काम करते, हे मराठी पडद्यावर क्वचितच दिसले आहे. चित्रपट मात्र परशुरामच्या गावी परतण्याबरोबर संपतो. त्या गावातील शाळेत त्याला ब्रेल कोण शिकवणार, बोटीच्या धक्क्यावरून घरापर्यंत काठीच्या आधाराने चालणे कोण शिकवणार, हे प्रश्न प्रेक्षकाबरोबर सभागृहाबाहेर येतात. ग्रामीण वाचकाच्या दृष्टीने खरी कथा तेथून सुरू होते.

बालवयाकडे वळलेली नजर : 'यलो'

महेश लिमये दिग्दर्शित 'यलो' हा डाउन सिंड्रोम असलेल्या जलतरणपटू गौरी गाडगीळ यांच्या जीवनावर आधारित असून त्यांनी स्वतःच त्यात भूमिका केली आहे. अपंगत्व असलेली व्यक्ती आपली भूमिका आपणच करते, ही घटना मराठी चित्रपटाच्या दृष्टीने महत्त्वाची होती. एकसष्टाव्या राष्ट्रीय पुरस्कारांत चित्रपटास परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळाला.

निवडलेल्या कलाकृतींत बालवयाला पुरेशी जागा देणारी कलाकृती ही एकच आहे. मुलगी लहान असतानाच आईचा निर्धार, मामाचा आधार, पाण्याशी जुळलेले नाते आणि प्रशिक्षकाची शिस्त यांतून तिचे व्यक्तिमत्त्व उभे राहते. साहाय्य म्हणजे दररोजचे, लहान टप्प्यांचे आणि अपेक्षा ठेवणारे काम, हे येथे दिसते. मर्यादा आहे ती यशाच्या मोजमापात. पोहण्यातील पराक्रमाने मुलीचा स्वीकार पूर्णत्वास जातो. जिल्हा पातळीवरही कधी न चमकणाऱ्या, फक्त स्वतःच्या हाताने जेवू लागलेल्या मुलाचे यश कोणत्या कथेत मोजावयाचे, हा प्रश्न शिल्लक राहतो.

'तारे जमीन पर'ने डिस्लेक्सिया हा शब्द शिक्षकांच्या बोलण्यात आणला, हे त्याचे श्रेय निर्विवाद आहे. परंतु तेथेही मूल शाळेत अपयशी ठरल्यानंतरच लक्षात येते आणि एका असामान्य शिक्षकाच्या आगमनाने त्याचा उद्धार होतो. असामान्य शिक्षकाची वाट पाहणे ही व्यवस्था होऊ शकत नाही. सामान्य शिक्षकाला, सामान्य दिवशी काय करता येईल, हे सांगणारी कथा अधिक उपयुक्त ठरली असती.

कायद्यातील तेच गाळलेले पान

वरील विवेचनातून एक सूत्र हाती येते. 'यलो'चा अंशतः अपवाद वगळता शून्य ते सहा हे वय या कलाकृतींतून निसटले आहे. लक्षणीय बाब अशी की, कायद्यातही जवळपास असेच घडले आहे. १९९५ च्या अपंग व्यक्ती अधिनियमाने अठरा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक अपंग बालकास मोफत शिक्षणाची तरतूद करताना वयाची खालची मर्यादा घातली नव्हती. २००२ च्या शहाऐंशीव्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वयोगटाला शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला आणि सहा वर्षांखालील बालकांचे संगोपन-शिक्षण राज्याच्या प्रयत्नांवर सोपवले. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम अनेक दृष्टींनी पुढचे पाऊल आहे. त्याने अपंगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीसवर नेले आणि बालकांच्या वार्षिक तपासणीची तरतूद केली. तरी त्यातील मोफत शिक्षणाचा हक्क सहा ते अठरा या वयासाठी आहे. पाळण्यात दिसणाऱ्या पायांना हक्क मिळण्यासाठी सहा वर्षे थांबावे लागते.

हक्क नसला तरी योजना आहेत. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने अंगणवाडी गावोगावी नेली. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातच, पालघर येथे झाला. या कार्यक्रमात फिरत्या वैद्यकीय पथकाने वर्षातून दोनदा अंगणवाडीतील बालकांची तपासणी करावी आणि संदर्भित बालकास जिल्हा पातळीवरील शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवावे, अशी रचना आहे. २८ नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्र शासनाने दिव्यांग बालकांसाठी अंगणवाडी कार्यपद्धती जाहीर केली. तिने सेविकेवर लक्षणे ओळखणे, पालकांशी बोलणे, बालकास सामावून घेणे ही कामे सोपवली. त्यानंतर सहा दिवसांनी, ४ डिसेंबर २०२३ पासून, महाराष्ट्रातील अंगणवाडी कर्मचारी मानधनवाढ, ग्रॅच्युइटी व निवृत्तिवेतन यांसारख्या मागण्यांसाठी संपावर गेल्या. या दोन तारखा शेजारी ठेवल्या की धोरण आणि ते राबवणारे हात यांच्यातील अंतर वेगळे सांगावे लागत नाही.

अल्लीपूरच्या दिशेने

ज्या जिल्ह्यात अल्लीपूर वसले आहे, त्या जिल्ह्याला या प्रश्नाचा मोठा वारसा आहे. वर्ध्यात १९३७ साली भरलेल्या शिक्षण परिषदेतून नयी तालीमचा विचार पुढे आला. १९४५ मध्ये सेवाग्राममध्ये त्याचा विस्तार होऊन शिक्षण जन्मापासून मृत्यूपर्यंतचे मानले गेले आणि सात वर्षांखालील बालकांसाठी पूर्व-बुनियादी टप्पा आखला गेला. पाणी भरणे, झाडणे, निवडणे, पेरणे या घरगुती कृतींतून शिक्षण देण्याची ती कल्पना होती. विशेष गरजा असलेल्या बालकाचा स्वतंत्र विचार हा तिचा मुख्य विषय नव्हता. तथापि तिची पद्धत त्याला अत्यंत अनुकूल आहे. हाताने केलेली, पुन्हा पुन्हा होणारी आणि ज्यात प्रत्येकाला आपापला वाटा उचलता येतो अशी कृती, हेच आजच्या शीघ्र हस्तक्षेपाचेही साधन आहे. तुरीचे दाणे वाटीत टाकणे हा बोटांचा व्यायामही आहे आणि मोजणीचा धडाही.

दुसरा वारसा बाबा आमटे यांचा. त्यांचा जन्म २६ डिसेंबर १९१४ रोजी हिंगणघाट येथे, म्हणजे याच तालुक्याच्या ठिकाणी झाला. १९४९ साली वरोऱ्याजवळ उभ्या राहिलेल्या आनंदवनात पुढे अंध व मूकबधिर मुलांच्या शाळाही आल्या. दया नाकारून श्रमाला प्रतिष्ठा देणारा हा विचार विदर्भाला परिचित आहे. मात्र आनंदवनाचे प्रतिमान संस्थेचे आहे. मुलाला तेथे जावे लागते. तीन वर्षांच्या मुलाला घर सोडून जाता येत नाही आणि जाऊही नये. त्याच्यासाठी आधार गल्लीतच यावा लागतो.

कापसाच्या वेचणीच्या दिवसांत मजुरीवर जाणाऱ्या आईला तालुक्याच्या वा जिल्ह्याच्या ठिकाणी तपासणीसाठी जाणे म्हणजे एका दिवसाची मजुरी सोडणे होय. 'त्याचा बापही उशिराच बोलला होता' या घरातील ज्येष्ठांच्या समजुतीने आणखी एक वर्ष जाते. या परिस्थितीत मुलाजवळ रोज पोहोचणारी व्यक्ती एकच, ती म्हणजे अंगणवाडी सेविका. निवडलेल्या पाच मराठी कलाकृतींत ती नाही. समाजाच्या कथेत ज्याला स्थान नाही, त्याच्या कामालाही मोल मिळत नाही.

एक आक्षेप

कलाकृती ही शासकीय मार्गदर्शिका नव्हे, तिच्याकडून बालविकासाचे धडे अपेक्षिणे अन्यायाचे आहे, असा आक्षेप येथे संभवतो. तो बहुतांशी मान्य करण्याजोगा आहे. दळवींना जी व्यथा दिसली ती त्यांनी प्रामाणिकपणे मांडली, आणि त्या व्यथेने कित्येक पालकांना आपण एकटे नाही हा दिलासा दिला. परंतु समीक्षेचे काम कलाकृतीने काय दाखवले एवढेच पाहण्याचे नाही. एकाच विषयावरील अनेक कलाकृती एकाच जागी गप्प राहत असतील, तर ते मौन लेखकाचे नसून समाजाचे असते. ते वाचणे हा समीक्षेचा विषय ठरतो.

निष्कर्ष

१. निवडलेल्या कलाकृतींत विशेष गरजा असलेले मूल मुख्यतः शाळकरी, किशोरवयीन किंवा प्रौढ आहे. शून्य ते सहा या निर्णायक वयाचे चित्रण अपवादात्मक आहे.

२. कथेचे केंद्र बहुधा पालकांची व्यथा हे आहे. मुलाचा स्वतःचा अनुभव व त्याचा जाणण्याचा अधिकार 'श्वास'मध्ये ठळकपणे येतो.

३. आधाराची स्थळे मुंबई-पुण्यासारखी शहरे आहेत. गाव हे मूल जेथून निघते किंवा जेथे परतते, ते ठिकाण आहे. तेथील दैनंदिन साहाय्य चित्रित झालेले नाही.

४. कलाकृतींतील ही उणीव आणि कायद्याने शिक्षणाच्या हक्कासाठी घातलेली सहा वर्षांची अट यांत साम्य आहे. दोन्हींतून बालवयाकडे पाहण्याची समान सामाजिक दृष्टी प्रकट होते.

५. महाविद्यालयांतील मराठी, समाजशास्त्र, गृहअर्थशास्त्र व शिक्षणशास्त्र या विषयांच्या प्राध्यापकांना या कलाकृती अध्यापनात एकत्रितपणे वापरता येतील. 'श्वास' दाखवल्यानंतर विद्यार्थ्यांना गावातील अंगणवाडीत नेणे, तेथील सेविकेचे अनुभव ऐकणे व नोंदवणे, हा उपक्रम वाङ्मयाचा अभ्यास आणि समाजकार्य यांना जोडू शकेल.

परशुरामची बोट गावच्या धक्क्याला लागते तेथे चित्रपट संपतो. धक्क्यावर त्याची वाट पाहणाऱ्यांत त्याला पुढे शिकवू शकणारे कोणी असावे, यासाठी अल्लीपूरसारख्या गावांतून आणि तेथील महाविद्यालयीन वर्गांतून तयारी व्हावयास हवी. पाय पाळण्यात दिसतात हे मराठी समाजाला पूर्वीपासून ठाऊक आहे. दिसलेल्या पायांना वेळेवर हात देणे बाकी आहे.